आण्णांनी उलटा बघितलेला सिनेमा

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती आणि त्याचा सगळा ताप मला होता. एक आमचे आण्णा, म्हणजे वडील. फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, तासगावाबाहेर द्राक्षबाग लावून बसलेले, आणि वेलींनाही सावधान-विश्राम करायला लावतील असे. दुसरी माझी थोरली बहीण शैला. तिला मी अक्का म्हणायचे. ती सतरा वर्षांची, मी चौदाची. दोघं एकाच सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, वावरायचे, एकाच टोपल्यातली भाकरी खायचे, पण बोलायचे माझ्या तोंडून. "रंजे, तिला सांग मोटर बंद कर." ती म्हणजे अक्का, जी आण्णांपासून हातभर अंतरावर लसूण सोलत बसलेली असायची. मग अक्का लसणाकडंच बघत म्हणायची, "रंजे, त्यास्नी सांग, सकाळधरनं लाईटच न्हाई तर मोटर कशाची बंद करू?" मी तोंड उघडायच्या आत दोघांना निरोप पोचलेला असायचा. तरी मी सांगायचंच, असा आण्णांचा हुकूम होता. एकदा कंटाळून मी नुसतीच बसून राहिले, तर आण्णा म्हणाले, "काय गं, लाईन खराब हाय काय?" हे ते विनोदानं म्हणाले नव्हते. आमच्या घरात विनोद रजेवर गेला होता.

कारण सगळ्या गल्लीला पाठ होतं. अक्का दहावीला गणितात आणि इंग्रजीत आपटली. आण्णांनी तिला शाळेतून काढली आणि बेदाण्याच्या शेडवर घातली. शेड म्हणजे लोखंडी खांब, वर पत्रा, आणि मध्ये एकावर एक ताणलेल्या जाळ्या. द्राक्षं सोड्याच्या आणि तेलाच्या पाण्यात बुचकळायची आणि त्या जाळ्यांवर पसरायची. मग वारं लागून ती सुरकुततात, आणि सगळ्या अंगाला, केसांना, पांघरुणाला तो आंबट-गोड वास चिकटून राहतो. त्या शेडवर औषधफवारणीचे पंप विकणारा एक पोरगा यायचा. रहिमतपूरचा. डोक्यावर केसांचा कोंबडा, खिशाला दोन पेनं, आणि त्यातलं एकही उठत नव्हतं, हे अक्कानं मला फार नंतर सांगितलं. एक दिवस अक्का त्याच्याबरोबर एसटीत बसून गेली. कराडच्या स्टँडवर तो म्हणाला, "बस हितं, पाणी घिऊन येतो." तो अजून पाणी आणतोय. अक्का त्या बाकड्यावर दिवस मावळेपर्यंत बसली, मग आमच्या एका लांबच्या मावशीचं घर हुडकत गेली, आणि तीन-चार दिवसांनी आपली आपण एसटीनं परत आली. हातात पिशवी, पिशवीत मावशीनं दिलेली वांगी. पळून गेलेली पोरगी वांगी घेऊन परत येते, हे गल्लीला काही केल्या पचेना. रडत आली असती, केस सोडून आली असती, तर बायांना तिला जवळ घेता तरी आलं असतं. वांग्यांचं काय करायचं?

आण्णा दारात उभे होते. ते बाजूला सरले, एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही, बोलले नाहीत, आणि ते न बोलणं जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. आईनं तव्यावरची भाकरी काढून अक्काच्या ताटात टाकली, वर मिरचीचा खरडा आणि तेलाची धार. स्वतः पदरानं डोळे पुसत बसली आणि म्हणाली, खरड्याचा ठसका लागला. मग तीच वांगी भरून केली. शेंगदाण्याचा कूट, तीळ, कारळं, सगळं यथासांग. मावशीच्या वांग्यांचा काय दोष? आण्णा दोन वेळा मागून जेवले. त्यांना कुणी सांगितलं नाही वांगी कुठली ते.

पण आतल्या आत चक्रं फिरत होती. मामा एक स्थळ घेऊन आला. अथणीकडचा गुळाचा व्यापारी, चाळिशी ओलांडलेला बिजवर, घरात दोन पोरं. माणूस चांगला, असं मामा म्हणाला. चांगल्या माणसाला सतरा वर्षांची बायको कशाला लागते, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. आता आहे, पण उत्तर तेच मिळतं. आण्णा "बरं" म्हणाले. पुढच्या रविवारी पाव्हणे येणार, सुपारी फुटणार, आणि मे महिन्यात अक्का उंबरा ओलांडून जाणार, असं ठरलं. मला निरोप द्यायला सांगितला. मी अक्काला शेडवर जाऊन सांगितलं. ती बेदाण्याची देठं काढत होती. तिनं मूठभर बेदाणे तोंडात टाकले, चावत राहिली, आणि म्हणाली, "त्यास्नी सांग, बरं." मग मी तिथंच रडले. ती नाही. मला म्हणाली, "तू कशाला रडतीस गं? तुला थोडंच दिलंय?"

आणि ह्या सगळ्यात तो सिनेमा आला.

सिनेमाचं नाव मी लिहीत नाही. आमच्या गल्लीतली जुनी माणसं अजून आहेत, आणि त्यांनी तो सिनेमा पाहिलाच नाही असं ती अजून सांगतात. पत्र्याचं टॉकीज, मालक बापूशेठ. त्यानं चौकात पोस्टर लावलं. एक सोळा-सतरा वर्षांची पोरगी, केस कापलेले, तोंडात विडी. बस्स. गावात वणवा लागला. सिनेमा कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळं सगळ्यांना तो तपशीलवार माहीत होता. कुणी म्हणे पोरगी दारू पिते, कुणी म्हणे बापाच्या थोबाडीत मारते, कुणी म्हणे नागडी नाचते. नागडीची बातमी आल्यावर बापूशेठची आगाऊ तिकिटं संपली, हेही खरं. मग गावातल्या थोर मंडळींनी कमिटी केली. एक निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. एक कीर्तनकार बुवा. एक नगरसेवक. आणि अध्यक्ष कोण, तर आमचे आण्णा. "हवालदार," गुरुजी म्हणाले, "असल्या चित्रपटांचे दुष्परिणाम तुमच्याइतके कुणाला ठाऊक?" हे आमच्या सोप्यात, आईनं केलेला चहा पीत. आण्णांचा चेहरा मी पाहिला. फौजेत कुणी असं बोलला असता तर आण्णांनी त्याला कवायतीच्या मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. इथं त्यांनी कप खाली ठेवला आणि अध्यक्षपद घेतलं. घेतलं नसतं तर हवालदार पोरीला पाठीशी घालतोय, असं झालं असतं.

इथं थोडं आजचं सांगते. मी आता सांगलीत राहते, पोरींच्या हायस्कुलात जन्मभर भूगोल शिकवून घरी बसले आहे. आमच्या सोसायटीचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. एरवी त्यात पाण्याचा टँकर आणि देवांचे फोटो असतात. गेल्या महिन्यात त्यात एकदम क्रांती झाली. शाळकरी पोरांवरची कसलीशी मालिका फोनवर आली आहे, त्यात पोरं गोळ्या खातात, आईबापांशी खोटं बोलतात, एक पोरगा गच्चीच्या कठड्यावर उभा राहतो. ती बंद करावी म्हणून अर्ज करायचा होता आणि माजी शिक्षिका म्हणून पहिली सही माझी हवी होती. मी विचारलं, पाहिली का कुणी? मग तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "बघायची गरजच काय, मॅडम?" मला एकदम आमच्या सोप्यातला तो चहा आठवला. इतकी वर्षं पोरींमध्ये काढली. सिनेमा बघून बिघडलेली एकही पोरगी मला भेटली नाही. बिघडायला घर पुरतं. मी सही केली नाही, मालिका मात्र दोन दिवसांत बघून संपवली. मधले भाग कंटाळवाणे आहेत.

तर कमिटी. बापूशेठ मुरलेला माणूस. तो हात जोडून म्हणाला, "मंडळी, आदी बगा. मग बंद करा. मी सोता पडदा गुंडाळतो." बुधवारी दुपारी खास खेळ ठरला, फक्त कमिटीसाठी. मी त्या खेळाला होते, कारण माझी मैत्रीण नसीम. तिचे अब्बा टॉकीजचं मशीन चालवायचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी, मध्ये फळ्यांचा आडोसा, आणि फळ्यांना फटी. मी आणि नसीम त्या फटींपाशी पोटावर पडून होतो. सिनेमा मोठ्यांचा होता हे खरं, पण आम्हाला तिथनं उठवणार कोण? चाचा मशीनपाशी, आणि बाकी सगळे सभ्य.

आता त्या दिवशी काय घोटाळा झाला ते नीट सांगते. त्या सिनेमाची एकच प्रिंट आमच्या टॉकीजात आणि शेजारच्या तालुक्याच्या गावी मिळून वापरायचे. पैसे वाचतात म्हणून असा रिवाजच होता. पहिला अर्धा सिनेमा एका गावात लागला, की ते रिळांचे डबे पोत्यात घालून मोटरसायकलवरून दुसऱ्या गावाला. तोवर पहिल्या गावात पुढचा अर्धा. नेणारा-आणणारा माणूस दिवसभर फटफटीवर. त्या सकाळी त्यानं तिकडनं पोतं आणलं ते चुकीचं. चाचांनी डबे उघडले तर सगळा इंटरव्हलनंतरचा सिनेमा. पहिला अर्धा तिकडंच राहिलेला. फटफटी उलट पळवली, पण तासभर तरी लागणार. आणि खाली पत्र्याच्या भट्टीत चार थोर माणसं टोप्या काढून वारा घेत बसलेली. नगरसेवक दोनदा "जाऊ या का?" म्हणाले. बापूशेठ जिन्यावरून धापा टाकत वर गेला. चाचा म्हणाले, "शेठ, सुरवातच नाही आपल्याकडं." आणि बापूशेठ जे म्हणाला ते नसीमनं अब्बांकडून ऐकून पुढं वर्षभर मला नक्कल करून दाखवलं. "अरं लाव की जे हाय ते! ह्यास्नी हरकत घ्यायचीय. हरकतीचं सगळं फुडच्या अर्ध्यातच हाय!"

दिवे गेले. पडद्यावर नाव नाही, गाव नाही, एकदम एका हॉटेलात एक पोरगी कपबश्या विसळतेय. गुरुजी म्हणाले, "हल्ली नावं टाकत नाहीत. नवीन पद्धत आहे." बुवा म्हणाले, "बरं झालं, वेळ वाचला." ती पोरगी शहरात भटकते. फलाटावर झोपते. एक म्हातारा भिकारी तिला विडी देतो, ती ओढते आणि खोकत सुटते. पोस्टरवरची विडी ती एवढीच. कोण तिला फसवतं, कोण पोलीस चौकीत बसवतं. नागडी वगैरे काही नाही. ह्या बाबतीत नगरसेवकांची निराशा फळीपलीकडून आम्हाला ऐकू येत होती. मग ती घरी परत येते. बंद दार. ती कडी वाजवते. आत बाप खाटेवर बसलेला. त्याला ऐकू येतंय, आपल्याला दिसतंय की त्याला ऐकू येतंय. आईला तो हातानं थांबवतो. ती पोरगी बाहेरून हळूच म्हणते, "बाबा, मी आहे." दार उघडत नाही. सकाळी ती पायरीवर नसते. गावाबाहेर दगडाची खाण, खाणीत पाणी साचलेलं, काठावर माणसं, दोर. बाप अनवाणी पळतोय. तो पोचतो तेव्हा माणसं बाजूला होतात. बस्स. पडदा पांढरा. दिवे लागले.

नसीम माझ्याकडं बघत नव्हती, मी तिच्याकडं. मग नगरसेवक म्हणाले, "संपला? बारकाच हाय की." बापूशेठ धावत आला, "संपला कुठला? इंटरव्हल हाय, चहा घ्या!" चहा आला, कांदाभजी आली. गुरुजी आणि बुवांनी भजी खाल्ली. आण्णा हात गुडघ्यांवर ठेवून सरळ बसले होते. चहावर साय धरली. तेवढ्यात बाहेर फटफटीचा आवाज आला आणि चाचा वर पळाले.

दिवे पुन्हा गेले. आणि आता पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं. मग सनई वाजली आणि नावं पडायला लागली. गुरुजी जरा गडबडले. "हे मुख्य चित्रपटाचं. आधी दाखवलं ती माहितीपर फिल्म असावी, समाजप्रबोधनाची." नावं संपली आणि एका घराच्या अंगणात तीच पोरगी धावत आली. लांब केसांची, दोन वेण्या, परकर वर खोचलेला. धाकट्या बहिणीला शेणाच्या हातानं पकडायला बघतेय आणि हसून हसून तिचा तोल जातोय.

"ही तिची धाकटी भन," नगरसेवक म्हणाले. "थोरली मेली ती."

"नाही नाही," बुवा म्हणाले, "हा पुनर्जन्म. आत्मा परत आला."

"गप बसा की," अंधारात आण्णांचा आवाज आला. "तीच हाय ती. डबं उलटं लागल्यात."

फौजेत दर शनिवारी उघड्यावर सिनेमा दाखवायचे, आण्णांना ते कळत होतं. ते मशीनवाल्यावर ओरडून सगळं थांबवतील असं मला वाटलं. त्यांनी थांबवलं नाही. आणि मग पुढचा तासभर आम्ही ती मेलेली पोरगी जगताना बघितली. ती गूळ चोरून खाते. दूध उतू जातं आणि ती हसते. बापाच्या सायकलच्या दांडीवर बसून बाजाराला जाते, सगळ्या वाटेनं बडबडते, आणि बाप "हूं" सुद्धा म्हणत नाही, त्याचं लक्ष चढावर. ती नापास होते. बाप म्हणतो, उद्यापासून शाळा बंद. ती म्हणते, "मला विचारलंत का?" तो म्हणतो, "तुला काय विचारायचं?" हेच ते बापाला उलटून बोलणं, ज्यासाठी एवढी कमिटी बसली होती. सिनेमा सरळ बघितला असता तर माणसानं नुसतं म्हटलं असतं, खोडकर पोरगी आहे, पुढं काय होतंय बघू. आम्हाला पुढचं सगळं माहीत होतं. ती वेणी घालत असताना मला ती खाण दिसत होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला तरी रडू येत होतं. गुरुजी, बुवा, नगरसेवक मधूनमधून हसत होते, कारण त्यांच्या लेखी ही मेलेलीची धाकटी बहीण होती आणि तिचं बरं चाललं होतं. मी फटीतून आण्णांकडं बघितलं. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. माझे आण्णा, ज्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं आजी गेली तेव्हाही, तोंड उघडं टाकून लहान पोरासारखे रडत होते, आणि अंधार आहे म्हणून पुसतही नव्हते.

शेवटी ती पहाटे पिशवी घेऊन निघते, वळणावर मागं बघून धाकटीला हात करते आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात येतं, मध्यंतर. दिवे लागतात. सिनेमा संपला. "मध्यंतर?" नगरसेवक म्हणाले. गुरुजींनी घसा साफ केला. "म्हणजे जीवनाचं मध्यंतर. प्रतीकात्मक आहे." ह्या एका वाक्यासाठी मी गुरुजींना सगळं माफ करते.

टॉकीजच्या पायऱ्यांवर लगेच बैठक झाली. बुवा म्हणाले, वाईट असं फारसं नाही, पण पोरींच्या डोक्यात भलतं शिरेल. गुरुजींनी कलेक्टरसाहेबांना पाठवायच्या अर्जाची पहिली ओळ तोंडानं म्हणायलाही घेतली. आण्णा म्हणाले, "लागू द्या शिनेमा."

"हवालदार! अहो, ती मुलगी वडिलांना प्रश्न विचारते!"

"इचारू द्या की. त्यानं एक तरी उत्तर द्यायला पायजे हुतं." मग ते बापूशेठकडं वळले. "आन गावाला सरळ दाव. असा उलटा कुनाला दावू नगंस. लय तरास हुतो."

अध्यक्षच फिरला, तेव्हा कमिटी तिथल्या तिथं मोडली. सिनेमा तासगावात महिनाभर चालला. एकही पोरगी पळून गेली नाही. पहिल्या आठवड्यात नागडी बघायला आलेली गडीमाणसं इंटरव्हलला शिव्या घालत बाहेर पडली आणि मग बायका यायला लागल्या.

मला मात्र त्या सिनेमाचं काही पडलं नव्हतं. माझ्यापुढं रविवार होता. आण्णा घरी आले ते थेट बागेत गेले. गुरुवारी गप्प, शुक्रवारी गप्प, शनिवारी आईनं पोह्यांची तयारी केली, मामा येऊन नवं धोतर दाखवून गेला. आण्णांनी पाव्हण्यांना नको म्हणून कळवलं नव्हतं. अक्काशी ते अजून माझ्या तोंडूनच बोलत होते, पण आता हुकूम विचित्र यायचे. "रंजे, तिला इचार, तिला गूळ आवडतो का." अक्का म्हणाली, "त्यास्नी सांग, गुळवाल्याच्याच घरात देताय न्हवं?" आण्णा उठून गेले. मला वाटलं, झालं, उरलंसुरलं पण गेलं.

रविवारी पाव्हणे जीपमधून आले. तो गुळाचा व्यापारी खरंच वाईट नव्हता. डोक्याचे केस विरळ झालेले, आवाज मऊ, बोलताना मध्येच कानडी शब्द यायचा. येताना गुळाची ढेप घेऊन आला होता. त्याचा चुलता जोरात होता, बोलणी तोच करत होता. पोहे झाले, चहा झाला, मामानं सुपारीचं ताट पुढं सरकवलं. आत अक्का आईची हिरवी साडी नेसून भिंतीला टेकून उभी होती. मी तिचा हात धरला. तिच्या तोंडाकडं मी बघू शकले नाही. चुलता म्हणाला, "मग हवालदार, फोडायची का सुपारी? पोरगी कवा धाडताय आमच्याकडं नांदायला?"

आण्णांनी ताटातली सुपारी उचलली. बराच वेळ ती हातात फिरवली. मग परत ठेवली.

"न्हाई धाडत."

मामा म्हणाला, "आवं दाजी!"

"तुमी चांगली मानसं हायसा. राग मानू नगा. पर तिला आमच्यातच नीट नांदवली न्हाई आमी. पयली हितं नांदू दे तिला. मग तिची तिला कुठं जायाचं ती जाईल."

चुलता उठला. काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही, आणि निम्मं कानडीत होतं. व्यापारी शेवटी उठला, आण्णांना नमस्कार केला, आणि गुळाची ढेप परत न नेता गेला. मामा मात्र पुढं दोन दिवाळ्या आमच्याकडं आला नाही.

जीपची धूळ बसल्यावर अक्का बाहेर सोप्यात आली. साडी सावरत, तावातावानं. आता ही पाया पडणार, गळ्यात पडणार, असं मला वाटलं. कसलं काय. ती आण्णांच्या समोर उभी राहिली आणि पहिल्यांदा, माझ्याकडं न बघता, सरळ त्यांना म्हणाली, "काय बघितलंसा त्या शिनेमात?"

आण्णा खाली बघत होते. "एक पोरगी हुती," ते म्हणाले. "हसायची लय. शैले, तू हसायचीस का गं तशी? मी चार दिस झालं आठवतोय. मला आठवंना."

आई आतून बाहेर आली आणि दारातच थांबली. अक्का बोलली ती ठणठणीत. "हसायचे की. लय हसायचे. तुमी खाकरलासा की गप बसायचे."

हे परक्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं घरातला कर्ता पुरुष आत शिरण्याआधी बाहेर उभा राहून मोठ्यानं खाकरतो. बायकांनी पदर घ्यावा, पाय आवरावेत, म्हणून. त्यात वाईट काही नव्हतं, उलट घरंदाजपणा समजायचे. आण्णांचं खाकरणं पार रस्त्यावर ऐकू जायचं आणि आम्ही तिघी एकदम मुक्या व्हायचो. आण्णांनी अक्काचं बोलणं ऐकून घेतलं, मान हलवली आणि टोपी घालून बागेत गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते खाकरले नाहीत. आम्हाला सवय नव्हती, त्यामुळं आई दोनदा दचकली, एकदा तिच्या हातून ताकाचा तांब्या पडला. "आवं, आवाज तरी करा की!" ती ओरडायची. अक्का महिनाभर रुसलेलीच होती. हसत तर नव्हतीच. मग पुन्हा दहावीला बसली, पुन्हा गणितात आपटली, आणि निकालाच्या दिवशी चुलीपुढं बसून स्वतःचे मार्क मला वाचून दाखवताना तिला हसू फुटलं. एकदा सुटली ती थांबेना, मलाही आवरेना, आई पदर तोंडात कोंबून हलत होती. मी डोळे पुसायला वळले तेव्हा बाहेरच्या दारात आण्णा दिसले. वहाणा काढून हातात घेतलेल्या, आवाज होऊ नये म्हणून. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मी बघितलंय हे त्यांना कळलं. त्यांनी मला मानेनं खूण केली, सांगू नकोस.